मूळ प्रतीत नाही

सभा आईच्याच घरात होती, आईच्याच जेवणाच्या टेबलाशी होती, विषयही आईच होता. फक्त आईला तिचं बोलावणं नव्हतं. रविवार आहे, सगळे जेवायला जमताहेत, एवढंच तिला सांगितलं होतं. ती स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसली होती आणि दर दोन बटाट्यांमागे दारात येऊन विचारत होती, “किती जण आहोत आपण?”

“पाच,” मधली मुलगी सांगायची. “वर्गाच्या बाई धरून सहा.”

“सहा,” असं म्हणून आई आत जायची.

तिसऱ्यांदा ती येऊन गेली तेव्हा दादाने वहिनीकडे पाहिलं. ते पाहणं मधलीच्या नजरेतून सुटलं नाही.

आई जिथे कामाला होती त्या छापखान्याला कुलूप लागलं, त्या वर्षीच्या भांडणानंतर तिघं भावंडं अशी समोरासमोर बसली नव्हती. तेव्हा दादा एका बाजूला आणि मधली-धाकटा दुसऱ्या बाजूला अशी जी दुफळी पडली, ती चौदा वर्षं तशीच होती. दादा पुलांची तपासणी करायचा. हातोडीने ठोकत जायचं आणि कुठे पोकळ वाजतंय ते कागदावर मांडायचं, हे त्याचं काम. माणसांशीही तो ठोकून बघितल्यासारखाच बोलायचा. धाकटा तलावावर पोरांना पोहायला शिकवायचा. आणि मधली चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेमीत बसवायची. अकरा वर्षांपूर्वी नवऱ्याचं घर सोडून दोन बॅगा घेऊन ती आईकडे आली, ‘दोन महिने राहते’ म्हणाली आणि राहिली.

“मी मुद्द्याचंच बोलतो,” दादाने सुरुवात केली. “गेल्या महिन्यात आई स्मरणाच्या वर्गातून निघाली आणि तीन तास कुठे होती हे कुणाला ठाऊक नव्हतं. सापडली कुठे, तर बंद पोस्टाच्या पायरीवर.”

“मला दुकानात उशीर झाला होता,” मधली म्हणाली. “एरवी मीच आणते तिला. त्या दिवशी—”

“म्हणजे तू नसलीस की तिला घर सापडत नाही. मी तेच म्हणतोय. भेग दिसली की पूल बंद करायचा असतो. पडायची वाट बघायची नसते.”

“आई पूल नाहीये, दादा,” धाकटा म्हणाला.

“नाहीये. पूल पडला तर दुसरा बांधता येतो.” दादाने हात टेबलावर ठेवले. “मी तिला आमच्याकडे नेतो. जेवण वेळेवर, औषध वेळेवर, दिवसभर सोबतीला एक बाई. तिने इकडची काडी तिकडे करायची गरज नाही.”

“तेच तर डॉक्टर नको म्हणाले होते!” मधलीचा आवाज चढला, तिने स्वयंपाकघराकडे बघून तो खाली आणला. “दोन वर्षांपूर्वी काय म्हणाले? जे करणं सुटेल ते परत येणार नाही. तिला भाजी चिरू द्या, रस्ता ओलांडू द्या, चुकू द्या. डोकं कामात राहिलं तर माणूस आपल्या पायावर राहतो. तू नव्हतास तेव्हा. तुझा कुठलातरी पूल वाजत होता. उंटावरून शेळ्या हाकायला तुझं काय जातंय?”

दादाचा चेहरा बदलला नाही. “एक गोष्ट स्पष्ट असू दे,” तो शांतपणे म्हणाला. “आई तुझ्याकडे राहत नाही. तू आईकडे राहतेस.”

“दादा!” धाकटा म्हणाला.

वहिनी शाळेत मुख्याध्यापिका होती. साडेतीनशे पोरं तिच्या नजरेने गप्प व्हायची, पण या घरात मात्र ती वीस वर्षं पाहुणीसारखी बसत आली होती. आत्ताही ती टेबलावरच्या नक्षीवरून बोट फिरवत राहिली.

दादा बोलला ते खरं होतं, आणि किती खरं होतं हे दादालाही माहीत नव्हतं. मधलीने उठून कपाटावरच्या तीन वह्या आणल्या. दोन जुन्या, आईच्या खणातून सकाळीच काढलेल्या, एक चालू.

“या बघ,” ती म्हणाली. “वर्गात रोजचा घरचा अभ्यास देतात. काल काय केलं ते लिहायचं, वस्तू आठवायच्या, रस्ता काढून दाखवायचा. चौदा महिने झाले. एक पान कोरं नाही.”

“गेल्या तपासणीला मीच ही वही डॉक्टरांपुढे ठेवली होती,” धाकट्याने री ओढली. “ते वर्गातला तिचा गट बदलायला निघाले होते. मी म्हटलं, आधी हे वाचा आणि मग बोला. वीसपैकी एकोणीस वस्तू! मला नाही आठवत एवढ्या.”

दादाने वहीला हात लावला नाही. तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

वर्गाच्या बाई जिना चढून आल्या की पाच मिनिटं बोलू शकत नसत. अंगाने चांगल्याच भरलेल्या, खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात ठोकळे, चित्रं, दोरे आणि कसकसले डबे. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आठवड्यातून तीन दिवस त्या बारा म्हाताऱ्यांचा वर्ग घ्यायच्या. पाणी पिऊन, सगळ्यांकडे बघून त्या बसल्या.

“मी काही बरं करत नाही,” त्या म्हणाल्या. “हे आधीच सांगते, कारण लोकांची अपेक्षा असते. आहे ते टिकवायचं, एवढंच. कुणी बटणं लावतं, कुणी जुनं गाणं आठवून त्याच्या मागच्या-पुढच्या गोष्टी सांगतं, कुणी सहा जणांसाठी काय आणायचं याची यादी करतं. स्वतः केलं तर उपयोग. दुसऱ्याने केलेलं बघून होत नाही.”

“मग आमच्या आईचं कसं आहे?” दादाने विचारलं.

बाईंनी चालू वही उघडली, दोन-चार पानं बघितली आणि मिटली. “तेच मला कळत नाहीये. वर्गात मी सात वस्तू ठेवते आणि झाकते. त्यांना दोन आठवतात. कधी एक. आणि घरी वीसपैकी एकोणीस. वर्गात त्या वाक्य अर्धं सोडतात. इथे पाचच्या पाच वाक्यं, विरामचिन्हांसकट.” त्यांनी मधलीकडे पाहिलं. “घरी कुणी मदत करतं का?”

“नाही,” मधली म्हणाली.

इतकं सहज आलं ते तोंडून की तिचं तिलाच भय वाटलं.

“असं असतं कधीकधी,” धाकटा म्हणाला. “वर्गात चार लोकांत बुजत असेल.”

बाई ‘हं’ म्हणाल्या. त्यांनी जुन्या वह्यांपैकी दुसरी ओढली. कुठलंतरी मधलं पान उघडलं आणि चष्मा कपाळावर सरकवून वही डोळ्यांजवळ नेली.

“हे लाल काय आहे?”

मधलीने मान लांब करून पाहिलं. ती वही भरली तेव्हा तिने खणात टाकली होती, त्याला तीन महिने झाले होते. तेव्हा तिच्यात लाल काहीही नव्हतं. आता पानापानावर लाल पेन्सिलीच्या खुणा होत्या. शब्दांभोवती गोल, समासात बारीक, नेटकं, किंचित थरथरतं अक्षर. बेचाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं मूळ प्रतीशी ताडून तपासणाऱ्या आईचं अक्षर. गावात तिला प्रूफबाई म्हणत. तिच्या हाताखालून चूक सुटून छापली गेली, असं दोनदाच झालं होतं आणि ती दोन्ही वर्षं घरात सगळ्यांना पाठ होती.

दादाने बाईंच्या हातून वही घेतली आणि वाचायला लागला. आधी मनात, मग मोठ्याने.

“‘काल मी बाजारात गेले. संत्री आणली. येताना ग्रंथपाल भेटले.’ बाजूला लाल अक्षरात: ‘गेले नाही. मूळ प्रतीत नाही.’” त्याने पान उलटलं. “‘खिडकीतून दिसणाऱ्या दहा वस्तू.’ नववी, घड्याळाचा मनोरा. बाजूला: ‘आपल्या खिडकीतून दिसत नाही. तिच्या दुकानातून दिसत असेल.’”

स्वयंपाकघरात नळ सुरू झाला आणि बंद झाला.

“हा अभ्यास तू लिहिलायस,” दादा मधलीला म्हणाला. त्याने मान वर केली नव्हती.

“हो.”

“कधीपासून?”

“आठ महिने.”

धाकटा खुर्चीत मागे सरकला. “ताई, काय सांगतेस तू? मी त्या डॉक्टरांशी भांडलो. माणूस बिचारा गप्प बसला माझ्यापुढे. तू शेजारी उभी होतीस.”

“हो.”

“बाई,” दादाने विचारलं, “गट बदलला असता म्हणजे काय झालं असतं?”

“सकाळचा गट आहे एक. रोजचा. पाचच जण. एकेकाजवळ बसून काम चालतं. गेल्या तपासणीनंतर डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी त्यांना तिथे घेणार होते. तुम्ही वही दाखवलीत, म्हणून राहिलं.”

“फरक पडला असता?”

बाईंनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला. “माहीत नाही. हे मला कुणालाच सांगता येत नाही. पडलाही असता.”

त्या ‘पडलाही असता’ने मधली बोलती झाली. आठ महिने जे तिने स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं, ते तिने टेबलावरच्या डागाकडे बघत सांगून टाकलं. एका संध्याकाळी ती दुकानातून आली तेव्हा आई वहीवर डोकं ठेवून झोपली होती. पानावर मथळा होता, ‘माझ्या घरातली माणसं’. आईने यादी केली होती. मुलगा, सून, नात, धाकटा मुलगा. गेलेला नवरासुद्धा. आणि मधलीचं नाव नव्हतं.

“रोज रात्रंदिवस जी समोर असते ती,” ती म्हणाली. “मला वाटलं, हे बाईंनी बघितलं तर लगेच कळेल त्यांना. म्हणून मी माझं नाव तिच्या अक्षरात घातलं. एकच शब्द. दुसऱ्या दिवशी पान अर्धं राहिलं होतं, ते पुरं केलं. मग ती लिहिनाशीच झाली. मी आहेच म्हटल्यावर कशाला लिहील?”

“आईला वाचवायला केलंस हे?” दादाने विचारलं.

मधलीला ‘हो’ म्हणता आलं असतं. “मला वाटलं, ती तुझ्याकडे गेली की मी कुठे जाणार,” ती म्हणाली. “दोन्ही होतं.”

वहिनी इतका वेळ दादाने खाली ठेवलेल्या त्याच वहीची सुरुवातीची पानं चाळत होती. ती एका पानावर थांबली आणि तिने वही मधलीपुढे सरकवली. तीच यादी होती. शेवटच्या नावाभोवती लाल गोल होता. समासात लिहिलं होतं: ‘नंतर घातले आहे. बरोबर आहे. राहू द्यावे.’

मधलीने तोंडावर हात दाबला.

“कोण वाचतंय माझं?”

आई दारात उभी होती. हातात सोललेल्या बटाट्यांचं पातेलं, कोपरापर्यंत ओले हात. तिने पातेलं खाली ठेवलं, टेबलाशी आली आणि वही आपल्याकडे ओढून घेतली. “प्रूफ वाचायचं तर एकाने मोठ्याने वाचायचं असतं आणि दुसऱ्याने मूळ प्रत बघायची असते,” ती दादाला म्हणाली. “तू नुसताच वाचतोयस.”

“आई, तुला माहीत होतं?” धाकट्याने विचारलं.

“बेचाळीस वर्षं लोकांची अक्षरं वाचली मी. हिचा ‘ल’ मला ओळखू येणार नाही? पहिलीत होती तेव्हापासून त्याला शेपूट देते.”

“मग बोलली का नाहीस?”

आईने जरा विचार केला. “बोलायचं विसरायचे,” ती म्हणाली. “दुपारी ही दुकानात गेली की वही काढायची. लाल पेन्सिल हातात घेतली की सगळं लख्ख दिसायचं. खाली ठेवली की जायचं.”

वर्गाच्या बाई पुढे झुकल्या. त्यांचा थकलेला चेहरा एकदम जागा झाला होता. “हे सगळं तुम्ही एकटीने केलंत? कुणी न सांगता?”

“त्यात सांगायचं काय? चूक दिसली की हात जातोच.”

“आणि मी तुम्हाला ठोकळे देत बसले,” बाई स्वतःशीच म्हणाल्या.

“ठोकळे चांगले आहेत,” आई त्यांची समजूत घातल्यासारखं म्हणाली. मग तिने मधलीकडे वळून बघितलं, आणि मधलीला लहानपणी वाटायचं तसं वाटलं, की आता आपल्यातली चूक सापडली. “राग वहीचा नाही मला. मी बटण लावायला घेते, तू लावतेस. मी चहा ठेवते, तू गॅस बंद करतेस. मी शब्द शोधत असते, तू सांगून मोकळी होतेस. मला मिनिटभर लागतं गं तो शब्द काढायला. मिनिटभर थांबवत नाही तुला. आणि मग वहीसुद्धा घेतलीस. माझ्याकडे ठेवलंस काय तू? मी नुसती—”

ती थांबली. सगळे पुढच्या शब्दाची वाट बघत राहिले. मधलीला तो शब्द माहीत होता. तो तिच्या ओठांपर्यंत आला आणि तिने दात आवळले. आईची नजर टेबलावरून फिरली, दादावर स्थिर झाली आणि बदलली, मऊ झाली.

“पानं जुळवून झाली का हो?” तिने दादाला विचारलं. “अंक आज निघायचाय. मी थांबलेय केव्हाची.”

दादा छापखान्यातच काम केलेल्या वडिलांसारखा दिसायचा, हे सगळेच म्हणत. पुलांचं पोकळपण ओळखणाऱ्या त्या माणसाला कुठे बघावं ते कळेना.

“आई, हा तुमचा थोरला,” वहिनी म्हणाली. आवाज शाळेतला नव्हता, घरातलाही नव्हता. “रविवार आहे. आपण सगळे जेवायला जमलोय. तुम्ही बटाटे सोललेत.”

आईने पातेल्याकडे पाहिलं. “सोललेत,” ती म्हणाली. आणि मग, लाज वाटल्यासारखी, “माहितीये मला.” ती खुर्चीत बसली.

“बघितलंत ना?” दादा म्हणाला. “यावर अजून काय चर्चा करायची? उद्या मी गाडी घेऊन येतो.”

“नाही,” वहिनी म्हणाली.

सगळ्यांना वाटलं, तिने दुसऱ्याच कशाला तरी नाही म्हटलं.

“अहो, आपल्या घरात यांना चमचासुद्धा सापडणार नाही,” वहिनी म्हणाली. “माझ्या आईला माझ्या भावाने असंच नेलं. प्रेमानेच नेलं, मी त्याला नावं ठेवत नाही. तिथे तिच्या हाताला काही काम नव्हतं. पाच महिन्यांत ती खिडकीशी बसून नुसत्या पदराच्या घड्या घालत राहिली. मी कधी बोलले नाही, कारण तुम्ही कधी विचारलं नाही. इथे यांना कुठल्या फळीवर काय आहे ते हाताला माहीत आहे. डोक्याला नसलं तरी.”

“आणि ही?” दादाने मधलीकडे बोट केलं. “हिच्यावर भरवसा ठेवायचा?”

“हिच्यावर नाही,” वहिनी म्हणाली. तिने मधलीकडे बघितलंही नाही. “आईंनाच विचारा ना. समोर बसल्यात.”

अख्ख्या सकाळभरात कुणी तसं केलं नव्हतं. वर्गाच्या बाईंनी आईसमोर कागद ठेवला. “सकाळच्या गटात एक जागा आहे,” त्या म्हणाल्या. “उद्यापासून. तुम्हाला काय वाटतं ते सांगा. सावकाश.”

आईने कागद दादाकडे सारला. “तू लिही. मी सांगते. तुझं अक्षर सुटं असतं.”

तिला पाऊण तास लागला. मध्ये दोनदा ती हरवली, आणि दोन्ही वेळा कुणी शब्द पुरवला नाही; बाईंनी हाताने सगळ्यांना थोपवून धरलं. ती या घरातच राहणार. रोज सकाळी वर्गाला एकटी चालत जाणार आणि एकटी येणार. धाकटा पहिले दोन दिवस लांबून मागे येणार, तिच्या नजरेस न पडता. वर्गात तिला ठोकळ्यांऐवजी चुकांनी भरलेला मजकूर द्यायचा, रोज एक पान. मधली घरात राहील, भाडेकरूसारखी. आईच्या हातातलं काही घेणार नाही, मागितल्याशिवाय पाणीसुद्धा देणार नाही. दादा आणि वहिनी दर रविवारी येतील आणि ती जे शिजवेल ते खातील.

“आणि शेवटचं,” आई म्हणाली. “हे दार माझं आहे हे ज्या दिवशी मला कळणार नाही, त्या दिवशी थोरल्याने मला घेऊन जावं. मला विचारू नये.”

“आई, ते नको ना आत्ता,” मधली म्हणाली.

“आत्ताच. मी आत्ता आहे.” तिने दादाकडे बघितलं. “तेव्हा मी रडेन. नाही म्हणेन. हा कागद दाखवायचा मला. नाही ऐकलं तरी न्यायचं.”

दादाने ते लिहिलं. लिहिताना त्याने दोनदा पेन थांबवलं. कागद पुरा झाल्यावर आईने लाल पेन्सिल मागवली, सगळा मजकूर वरपासून खालपर्यंत वाचला, एके ठिकाणी राहिलेला अनुस्वार दिला आणि खाली सही केली.

जेवायला अडीच वाजले. बटाटे आतून कच्चे होते आणि मीठ दोनदा पडलं होतं. सगळ्यांनी सगळं खाल्लं. वाढायला आई उठत होती, पातेलं जड होतं, आणि पाच माणसं मांडीवर हात ठेवून बसली होती.

निघताना धाकटा दारातून मधलीकडे वळला.

“नव्या पोराच्या पोटाखाली मी हात धरतो,” तो म्हणाला. “पण तो काढायचा दिवस असतो एक. तो चुकवला की पोरगं आयुष्यभर पाण्याला भितं. तुला हे मी सांगायला हवं होतं का, ताई?”

“नाही.”

“चौदा वर्षं मी तुझ्या बाजूने उभा राहिलो. छापखान्याच्या वेळीसुद्धा तू म्हणालीस तेच खरं धरलं मी. आता मला तेही पुन्हा आठवून बघावं लागेल.” आणि तो जिना उतरून गेला.

सोमवारी सकाळी आईने आपलं आपण आवरलं. कोटाची बटणं लावायला तिला सात मिनिटं लागली. दुसरं बटण तिसऱ्या काजात गेलं होतं. ते तिला अगदी शेवटी कळलं आणि तिने सगळी सोडून पुन्हा पहिल्यापासून लावली. मधली भिंतीला टेकून उभी होती. तिने दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट धरले होते.

“येते,” आई म्हणाली.

खिडकीतून मधलीने तिला रस्त्यावर येताना पाहिलं. पाठीत किंचित वाकलेली, पिशवी छातीशी धरलेली. कोपऱ्यावर ती थांबली. वाचनालयाला डावीकडे वळायचं होतं. तिने उजवीकडे बघितलं. डावीकडे बघितलं. पुन्हा उजवीकडे. माणसं तिला वळसा घालून जात होती. पलीकडे चांभाराच्या दुकानाआड धाकटा उभा होता. तोही हलत नव्हता. मधलीने खिडकीची चौकट धरली. ‘डावीकडे, आई, डावीकडे,’ हे तिने मनातच म्हटलं. आई उजवीकडे वळली आणि दिसेनाशी झाली. तिच्यामागे बरंच अंतर ठेवून धाकटा गेला.

दुकानात जायची वेळ झाली होती. मधली गेली. पहिलंच काम एका शिक्षकाच्या चष्म्याचं होतं. तिने काच उलटी बसवली, काढली, पुन्हा बसवली. दहा वाजले. सव्वादहा. वर्ग दहाला सुरू व्हायचा. दुकानाचे मालक, पंचवीस वर्षं तिला ओळखणारा म्हातारा माणूस, तिच्याकडे दोनदा बघून गेले.

दहा वाजून चाळीस मिनिटांनी फोन वाजला.

“आल्या,” वर्गाच्या बाई म्हणाल्या. “आत्ता आल्या. मंडईकडून फिरून आल्यात, पाय दुखताहेत म्हणतायत. वाटेत तिघांना रस्ता विचारला, असं स्वतःच सांगितलं. आता पेन्सिल मागतायत.” मागून कुणीतरी हसल्याचा आवाज आला. “तुम्ही ऐकताय ना?”

“हो,” मधली म्हणाली आणि फोन ठेवला.

गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर ती बसली, डोळे तपासायच्या तक्त्यासमोर, आणि तिला रडू आवरेना. मालक काउंटरमागून बाहेर आले.

“काय झालं? वाईट बातमी आहे का?”

“नाही. चांगली आहे.” तिने हाताच्या मागच्या बाजूने डोळे पुसले. “आई वर्गाला पोचली. एकटी.”

“मग रडताय कशाला?”

मधलीने समोरच्या तक्त्याकडे पाहिलं. सगळ्यात वरचं मोठं अक्षरसुद्धा तिला दिसत नव्हतं.

“आठ महिन्यांपूर्वीही पोचली असती हो,” ती म्हणाली. “वेळेवर.”